अहवालात न आलेलं पाणी

पाण्याचा तपासणी अहवाल एका पानात मावतो. विरघळलेला प्राणवायू, लोह, फ्लोराइड, नायट्रेट, गढूळपणा, जिवाणू अशा प्रत्येक नावापुढे एक आकडा असतो आणि तळाशी शेरा: पिण्यास योग्य किंवा अयोग्य. तो नमुना घ्यायला कोण कुठल्या नाल्यात उतरलं, बर्फ कुठून मिळवला, काठावर बसलेल्या म्हाताऱ्यानं त्या वेळी काय सांगितलं, यासाठी त्या पानावर रकाना नसतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पाण्याचे नमुने गोळा करण्यात माझ्या उमेदीची वर्षं गेली. अहवाल फायलींत गेले. रकान्यांबाहेर जे राहिलं ते आज सांगते आहे, कारण पाण्यातल्या विषाची गोष्ट बऱ्याचदा तिथंच सापडते.

आमच्या कामात या दोन जिल्ह्यांची वाटणी ठरलेली होती. चंद्रपूर म्हणजे कोळसा, वीज, सिमेंट, कागद; तिथलं पाणी खराब असणार हे गृहीतच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये देशातल्या 88 औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात चंद्रपूरला 83.88 गुण पडले आणि अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद यांच्यापाठोपाठ त्याचा चौथा क्रमांक लागला. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण.

दुसरं टोक गडचिरोलीतलं हेमलकसा. बाबा आमटेंनी 23 डिसेंबर 1973 रोजी तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आपलं आयुष्य तिथं वेचलं. जवळच भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकमेकींना भेटतात. चहूकडे जंगल, धुराडं एकही नाही. स्वच्छ पाणी कसं असतं हे दाखवायचं झालं की भामरागडचा नमुना पुढे करायचा, हा आमच्याकडचा शिरस्ता होता. तो शिरस्ता पुढे का टिकला नाही, ते या किश्श्यांतून कळेल.

तपकिरी बाटली, पांढरी बाटली

नदीत प्राणवायू किती आहे हे मोजायची रीत हंगेरीच्या लायोश विंकलर या रसायनशास्त्रज्ञानं 1888 मध्ये शोधली. आजही ती जगभर वापरतात. 300 मिलिलिटरची काचेची बाटली आणि तिला घासून बसवलेलं काचेचं बूच. बाटली पाण्याखाली तिरकी धरून हळूहळू भरायची. हवेचा एक बुडबुडा आत राहिला तरी नमुना बाद. मग काठावर बसूनच मँगनीज सल्फेट आणि त्यापाठोपाठ आयोडाइडचं अल्कली द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं आणि बूच लावून बाटली उलटसुलट करायची. आत साका धरू लागतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो साका तपकिरी होतो. नसेल तर दुधासारखा पांढरा राहतो.

पामुलगौतमच्या काठावर ही बाटली भरली की क्षणात गडद तपकिरी व्हायची. चंद्रपूर शहराखाली, जिथं नाल्यांचं सांडपाणी इरई नदीत उतरतं, तिथं उन्हाळ्यात मी ती पांढरीफटक झालेली पाहिली आहे. त्या पाण्यात माशाला श्वास घ्यायला काहीही शिल्लक नव्हतं. सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंनी सगळा प्राणवायू संपवलेला होता.

याच इरई नदीच्या काठी एका ढीवर समाजाच्या वयस्क माणसानं मला जे शिकवलं, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकानं इतक्या थोडक्यात शिकवलं नव्हतं. आमची गाडी साधारण अकरा-बाराच्या सुमारास पोचायची. ऊन लख्ख, पाणी हिरवट, बाटली बऱ्यापैकी तपकिरी. आकडा मर्यादेत बसायचा. तो माणूस जाळं दुरुस्त करत बसलेला असायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, तुमी येता बारा वाजता. मासा तडफडते पहाटं पाच वाजता. मंग तुमच्या शिशीत काय सापडन?"

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. खत आणि मैला मिसळलेल्या पाण्यात शेवाळ माजतं. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडतं, म्हणून दुपारी पाणी निरोगी दिसतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि जिवाणू सगळे मिळून प्राणवायू खातात. सूर्योदयाच्या आधी तो सर्वांत कमी होतो. त्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. हे दृश्य मासेमारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आम्ही मुक्काम ठोकून पहाटेचा नमुना घेतला तेव्हा त्याच जागेचा प्राणवायू माशांसाठी ठरवलेल्या लिटरमागे 4 मिलिग्रॅमच्या बराच खाली होता. अहवालात वेळेचा रकाना असतो, पण तो कुणी वाचत नाही. ज्या नदीचे सगळे आकडे दुपारचे असतात, तिच्याबद्दल आपल्याला निम्मंच कळलेलं असतं.

इरईचं दुखणं एकट्या सांडपाण्याचं नाही. तिच्यावरच्या धरणाचं पाणी शहराला जातं आणि 2920 मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रालाही. कोळसा जाळला की राख उरते आणि राखेत आर्सेनिक, पारा, शिसं यांचे अंश असतात. राख नदीच्या तळावर बसली की दगडगोट्यांमधल्या फटी बुजतात. नदीतल्या किड्यांची घरं त्या फटींत असतात आणि काही माशांची अंडीही. वरून पाणी वाहताना दिसतं, पण खालची वस्ती गाडली गेलेली असते.

नापास झालेलं बोरिंग

विदर्भात हातपंपाला बोरिंग म्हणतात. आलापल्लीकडून भामरागडकडे जाताना रस्त्यालगतच्या गावांत बोरिंग दिसतं आणि त्याच्याशेजारून बायका गुंड घेऊन नाल्याकडे जाताना दिसतात. बाहेरून आलेला अधिकारी वैतागतो. सरकारनं पैसे खर्चून सुरक्षित पाणी दिलं आणि हे लोक नाल्याचंच पाणी पितात, अडाणी कुठले, असं मी अनेकदा ऐकलं आहे.

एका बाईला मी कारण विचारलं. ती म्हणाली, "बोरिंगच्या पाण्याचा भात काळा पडते ताई. लेकरं तोंडात घेत नाही." तिनं हंडाभर पाणी काढून दाखवलं. निघताना ते काचेसारखं स्वच्छ होतं. अर्ध्या तासात त्यावर तांबूस साय धरली. जमिनीखाली प्राणवायू नसतो, तेव्हा लोह विरघळलेल्या रूपात असतं. हवा लागताच त्याचा गंज होतो. शेजारच्या म्हातारीनं घरातून हिरड्याची पूड आणली आणि चिमूटभर त्यात टाकली. पाणी शाईसारखं निळंकाळं झालं. हिरड्यातल्या टॅनिनची लोहाशी होणारी ही क्रिया आहे, आणि जुन्या काळी शाई याच क्रियेनं बनत असे. आमच्या किटमध्ये लोह तपासायला वेगळी बाटली होती. तिच्या आधी हिरड्यानं निकाल दिला होता.

मग त्यांचं आवडतं पाणी तपासलं. नाल्याच्या वाळूत हातभर खड्डा करून त्यात झिरपलेलं, म्हणजे झिऱ्याचं पाणी. चवीला गोड, थंड, नितळ. ते एच-टू-एस बाटलीत भरलं. ही छोटी बाटली खुणेपर्यंत भरून एक-दोन दिवस ऊबदार जागी ठेवायची असते. पाण्यात विष्ठेतून आलेले जिवाणू असले तर ती काळी पडते. थंडीचे दिवस होते, म्हणून गावच्या जलसुरक्षकानं ती रात्रभर चुलीजवळ ठेवली. सकाळी बाटली कोळशासारखी काळी. बोरिंगची बाटली मात्र जशीच्या तशी.

बायका गोळा झाल्या. एक पाणी चवीला वाईट आणि पोटाला चांगलं, दुसरं चवीला चांगलं आणि पोटाला वाईट. एवढं डोळ्यांनी दिसल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न सरळ होता: बोरिंगचं लोखंड काढता येतं का? येतं. पाणी उंचावरून सोडून हवेशी खेळवायचं आणि वाळूच्या थरातून गाळायचं. फार मोठं तंत्र लागत नाही. ते बोरिंग बसवताना तिथल्या बायकांना हा प्रश्न विचारायची संधी कुणी दिली नव्हती.

या गावाला आरोग्य खात्याच्या पाहणीत मिळालेलं कार्ड हिरवं होतं, म्हणजे पाणी साथरोगाच्या दृष्टीनं कमी जोखमीचं. पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर साठ्यात होती, बोरिंगभोवतीचा ओटा पक्का होता, म्हणून कार्ड हिरवं. ते पाणी कुणी पितं का, हे त्या पाहणीत विचारलं जात नाही.

डोहातलं औषध

उन्हाळ्यात जंगलातले नाले तुटतात आणि डोह उरतात. माडिया आदिवासींच्या गावांत डोहातली मासेमारी हा सगळ्या गावाचा दिवस असतो. पूर्वी गेळाची फळं किंवा कुंभीची साल कुटून पाण्यात कालवत. त्यातलं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करतं, मासे गुंगून वर येतात आणि हातानं वेचता येतात. झाडाचं हे विष काही काळात विरून जातं. डोह कुठला, दिवस कुठला, वाटणी कशी, हे गाव ठरवायचं.

आता काही ठिकाणी त्या सालीची जागा कीटकनाशकाच्या बाटलीनं घेतली आहे. कापसावर, मिरचीवर फवारायचं औषध सगळीकडे मिळतं. गडचिरोलीच्या दक्षिण भागातली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, ही फवारणी तिथं रोज पाहतात. दोन-चार पोरं रात्री येतात, बाटली डोहात उपडी करतात आणि पहाटे मासे भरून नेतात.

हेमलकशापासून काही अंतरावरच्या अशाच एका डोहावर मी गेले होते. सोबत आश्रमशाळेत शिकलेला एक तरुण होता. तो माडियातून मराठीत सांगायचा. पाणी शांत आणि नितळ. काठावर बोटाएवढे मासे पांढरे होऊन वाळलेले. मी नेहमीप्रमाणे नमुने घेतले. प्राणवायू उत्तम. सामू उत्तम. क्षार कमी. नायट्रेट नगण्य. प्रयोगशाळेतून आलेला प्रत्येक आकडा मर्यादेत होता. कीटकनाशक शोधायला वेगळी महागडी यंत्रं लागतात आणि आमच्या ठरलेल्या यादीत ती तपासणीच नव्हती. मेलेल्या डोहाचा अहवाल निर्दोष आला.

गावच्या गायत्यानं, म्हणजे पारंपरिक मुखियानं, मात्र तिथल्या तिथं तपासणी केली होती. त्यानं पाण्यात हात घालून एक चपटा दगड उचलला, उलटा केला आणि माझ्यासमोर धरला. दगडाची खालची बाजू स्वच्छ, धुतल्यासारखी. मग तो मला डोहाच्या वरच्या अंगाला, जिथं बारीक धार अजून वाहत होती, तिथं घेऊन गेला आणि तिथला दगड उलटला. त्या दगडाखाली गर्दी होती. तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या सरसर कडेला पळाल्या. वाळूचे कण चिकटवून केलेल्या इवल्या नळ्यांत किडे बसले होते. दोन गोगलगाई, आणि नखाएवढा खेकडा नांग्या उगारून. गायता काही बोलला. तरुणानं सांगितलं, "ते म्हणतात, इथं गाव आहे. तिथं गाव उठलं."

सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशक लिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅम असलं तरी मासे मारू शकतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. झिंगे, खेकडे आणि पाणकिडे तर त्याहूनही नाजूक, कारण हे औषध बनलंच आहे कीटकांची मज्जासंस्था निकामी करायला. डोहात आधी तेच संपतात. मग त्यांच्यावर जगणारे उरलेसुरले मासे उपाशी राहतात, माशांवर जगणारे खंड्या आणि बगळे दुसरीकडे जातात, आणि नाल्यातून खेकडे, शिंपले, झिंगे वेचून जगणाऱ्या माणसांच्या ताटातलं रोजचं कोरड्यास जातं. डॉ. प्रकाश आमटे यांच्या आठवणींत वाचलं असेल की या जंगलात भूक इतकी होती की मुंग्यांपासून माकडांपर्यंत सगळं खाल्लं जाई. त्या भुकेला नाल्यानं वर्षानुवर्षं आधार दिला आहे. विषानं मेलेला मासा खाणाऱ्याच्या पोटातही ते औषध जातं, हे बाटली ओतणाऱ्या पोरांना कुणीतरी बसवून सांगायला हवं.

पाण्यात विष घालून मासे मारणं 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा मानलं गेलं आहे. सव्वाशे वर्षांची ही बंदी आहे. पण जंगलातल्या डोहावर रात्री पहारा ठेवायला गावाशिवाय कुणीही नाही. दगड उलटून नदी तपासायची रीतही अशास्त्रीय नाही. तळातल्या किड्यांवरून पाण्याचा दर्जा ठरवायची पद्धत जगभर वापरतात आणि आपल्या केंद्रीय मंडळाकडेही ती आहे. बाटलीत त्या क्षणाचं पाणी येतं. दगडाखालचे जीव महिनोन्‌महिने त्याच पाण्यात राहिलेले असतात, आणि त्यांच्या जगण्यामरण्यात त्या सगळ्या काळाची नोंद असते.

फवारणीचा पंप

या भागाला मलेरियानं किती छळलं, हे वेगळं सांगायला नको. मेंदूज्वरापर्यंत पोचणारा फॅल्सिपेरम मलेरिया इथं घराघरांत माणसं घेऊन गेला. त्यामुळे घराच्या भिंतींवर कीटकनाशक फवारणं ही चैन नव्हती, जीव वाचवायचा उपाय होता. देशात 1953 पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि कितीतरी वर्षं डीडीटीच वापरलं गेलं. पुढे पायरेथ्रॉइड औषधं आली.

किस्सा फवारणीनंतरचा आहे. दिवसभर घरं फवारून दमलेला कामगार पंप धुवायला जवळच्या नाल्यावर जायचा. दुसरं पाणी कुठं होतं? पंपात उरलेलं पांढरं द्रावण नाल्यात जायचं. खालच्या बाजूला पोरं लुगड्याचा पदर पसरून झिंगे धरत असायची. दोन-तीन वर्षं एका गावात बायका सांगत होत्या की फवारणीवाले येऊन गेले की झिंगे मिळत नाहीत. त्यांचं म्हणणं अंधश्रद्धा म्हणून झटकलं गेलं. गावात फवारणीला विरोध होऊ लागला तो इथूनच. लोक नवा शेणमातीचा हात भिंतीवर फिरवायचे, म्हणजे औषध झाकलं जायचं, आणि डास पुन्हा हजर.

एका अनुभवी आरोग्य सेवकानं यातून वाट काढली. त्यानं बायकांचं बोलणं खरं धरलं. नाल्यापासून लांब खड्डा खणून घेतला, पंप धुतलेलं पाणी त्यातच टाकायचं, असा नियम केला आणि पाणी गावानं वाहून द्यायचं ठरलं. पुढच्या हंगामात झिंगे राहिले आणि फवारणीला दारं उघडली. मलेरियाही हटवायचा आणि नालाही जगवायचा, यात निवड करायची गरज नव्हती. गरज होती खड्ड्याची आणि चार शब्द ऐकून घेण्याची.

डीडीटीचा धडा त्याहून लांब पल्ल्याचा आहे. रेचल कार्सन यांनी 1962 मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहून दाखवून दिलं की हे रसायन पाण्यात अत्यल्प असलं तरी किड्यांतून माशात, माशातून पक्ष्यात जाताना साठत जातं. वरच्या पायरीवरच्या शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं त्यानं पातळ झाली आणि ती उबवतानाच फुटू लागली. भारतात शेतीसाठी डीडीटीवर 1989 मध्ये बंदी आली. ते लवकर विघटन पावत नाही, म्हणून बंदीनंतरही माती आणि गाळात राहतं.

गडचिरोलीनं साखळीचा आणखी एक तुकडा पाहिला आहे. इथल्या गिधाडांसाठी वनखात्यानं मेलेली जनावरं टाकायच्या जागा राखल्या. गिधाडं मरत होती ती गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं. ते मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या मूत्रपिंडात जाऊन ते निकामी करायचं. 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. गिधाडं गेली की नाल्याकाठचं मढं तसंच कुजत राहतं आणि पहिल्या पावसात पाण्यात उतरतं. मग गावात हगवण येते आणि एच-टू-एस बाटली काळी पडते. दोष नाल्याला दिला जातो.

वरून येणारं पाणी

भामरागडच्या संगमावर उभं राहून इंद्रावतीच्या वरच्या अंगाला बोट दाखवलं, तर नदीच्या त्या वाटेवर बस्तर येतं. तिथं बैलाडिलाच्या डोंगरात 1968 पासून लोहखनिज काढलं जातं. त्या डोंगरातून उतरणारी शंखिनी नदी खनिजाच्या बारीक चुऱ्यानं लाल झाली, हे देशभर गाजलेलं उदाहरण आहे. शंखिनी दंतेवाड्याला डंकिनीला मिळते आणि ते पाणी पुढे इंद्रावतीत येतं. इकडे एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर 2021 पासून लोहखनिजाचं उत्खनन जोरात सुरू झालं आणि पायथ्याच्या शेतकऱ्यांनी धानाच्या बांध्यांत लाल गाळ आल्याच्या तक्रारी केल्या.

या गाळाबाबत नमुना घेणाऱ्याची अडचण ऐका. पावसाळ्यात सगळेच नाले गढूळ असतात. गढूळपणाचा आकडा वाढला की उत्तर तयार असतं: पाऊस आहे. उन्हाळ्यात नाला कोरडा, नमुनाच नाही. म्हणजे ज्या काळात गाळ येतो त्या काळात त्याला दोषी धरता येत नाही आणि ज्या काळात धरता येईल त्या काळात तो येत नाही.

एका धान उत्पादकानं मला फरक हातावर दाखवला. साध्या मातीचा गाळ बोटांत चोळून धुतला की बोटं स्वच्छ. खनिजाचा गाळ धुतल्यावरही बोटांच्या रेघांत लाल राहतो. ग्लासात पाणी ठेवलं की तो जड असल्यानं आधी तळाला बसतो आणि त्याचा वेगळा थर दिसतो. बांधीत तो वाळला की वर कडक पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही, रोपाच्या मुळांना हवा मिळत नाही. गोव्यात डिचोली आणि सत्तरीच्या शेतकऱ्यांनी हे दुखणं आधीच भोगलं आहे. नाल्यात हाच चुरा माशांच्या कल्ल्यांत बसतो, अंड्यांवर चढतो आणि दगडांखालच्या त्या गर्दीचा श्वास कोंडतो. ज्याला विष म्हणता येणार नाही अशा मातीनंही नाला मरू शकतो.

पाणी खालूनही परततं. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू कितीतरी वर्षं ट्रक भरभरून वर्धेच्या काठी बल्लारपूरला कागदासाठी गेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याला गोदावरीत जाते. चंद्रपूरच्या उद्योगांकाठून वाहिलेलं पाणी असं पुन्हा गडचिरोलीच्याच काठानं जातं. जिल्हा स्वच्छ की दूषित, हा प्रश्न नकाशावर रेघ मारून सुटत नाही, हे नदीनं आम्हाला वारंवार दाखवलं.

मांजर क्रमांक 400

पडद्यामागच्या किश्श्यांचा विषय आहे म्हणून जपानमधला एक किस्सा सांगायलाच हवा. पाण्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असला पाहिजे. मिनामाता या गावी 1956 मध्ये माणसांना विचित्र आजार होऊ लागल्याची अधिकृत नोंद झाली. झटके, तोल जाणं, बोलणं बिघडणं. त्याआधी मासे खाणारी मांजरं वेड्यासारखी नाचून मरत होती. तिथल्या चिस्सो कारखान्याच्या रुग्णालयाचे डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी 1959 मध्ये कारखान्याचंच सांडपाणी मांजराच्या खाण्यात मिसळलं. त्यांच्या नोंदीतलं ते 400 क्रमांकाचं मांजर. त्याला तोच आजार झाला. उत्तर मिळालं होतं. कंपनीनं ते बाहेर येऊ दिलं नाही आणि पारा समुद्रात जातच राहिला. 1970 मध्ये मरणपंथाला लागलेल्या होसोकावांनी रुग्णशय्येवरून न्यायालयापुढे साक्ष दिली.

मिनामातात सत्य आधी कुणाला कळलं? मांजरांना आणि त्यांना पाहणाऱ्या कोळ्यांना. नंतर एका डॉक्टरला. सरकारला सर्वांत शेवटी. आपल्याकडे इरईकाठचा ढीवर, डोहावरचा गायता, झिंग्यांसाठी भांडणाऱ्या बायका याच रांगेत पहिल्या उभ्या आहेत.

मग करायचं काय

पहिली गोष्ट, गावाच्या हातात कायदा आहे तो वापरायला हवा. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 ग्रामसभेला आपल्या परिसरातलं पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत राखायचा अधिकार देतं. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून तो देशाला चालवून दाखवला. ग्रामसभेनं डोहात विष ओतण्यावर बंदीचा ठराव करावा, कुठल्या डोहात मासेमारी कधी हे पूर्वीसारखं ठरवावं आणि पंप व औषधाच्या बाटल्या कुठं धुवायच्या तेही लिहून ठेवावं.

दुसरी गोष्ट अधिकाऱ्यांसाठी. पहाटेचा एक नमुना घ्या. पहिल्या पावसाचा एक घ्या. कीटकनाशकांची तपासणी किमान डोह मेल्याची तक्रार येते तिथं तरी करा. आणि अहवालात एक रकाना वाढवा: काठावरच्या माणसांनी काय पाहिलं.

तिसरी गोष्ट वाचकांसाठी. तुम्ही गडचिरोलीत राहत नसाल, पण तुमच्या गावाजवळूनही एखादा ओढा, नाला, नदी जात असेल. या पावसाळ्यानंतर पाणी निवळलं की मुलांना घेऊन तिथं जा आणि पाण्यातला एक दगड उलटा करा. खाली जीव दिसले तर ते टिकवायला गावाला सोबत घ्या. काहीच दिसलं नाही तर कुणाच्याही अहवालाची वाट पाहू नका. वरच्या बाजूला चालत जा, पाणी कुठं बिघडतं ते शोधा आणि ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत लेखी प्रश्न विचारा. मेलेला ओढा पुन्हा जिवंत होऊ शकतो, पण विष यायचं थांबल्यावरच, आणि ते थांबवायचं काम काठावर राहणाऱ्यांनाच सुरू करावं लागतं.